बॅकअपच्या वहीतल्या खुणा

धडगाव,
१४ मे

प्रिय हेमराज,

तुझा मेसेज परवा दुपारी आला. नाशिकच्या कॉलेजात सर्व्हर सांभाळायच्या जागेसाठी तुला बोलावलंय हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. बाहेर व्हरांड्यात जाऊन कुणाला तरी सांगावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, पण ओपीडी सुटली होती, माणूस नव्हतं. परत येऊन पुढची ओळ वाचली. ‘सर, माझ्याच्यानं होईल का? माझ्या हातून एकदा काय झालंय ते तुम्हाला माहीतच आहे. काय काय सांभाळायचं ते कागदावर लिहून पाठवा.’ ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. विसरवाडीच्या फाट्यावर मोबाइल दुरुस्त करत तू तीन वर्षं काढलीस, आणि अजून मला ‘सर’ म्हणतोस.

तर आधी तू मागितलंस ते लिहितो. पहिला महिना कशालाच हात लावू नकोस. नवा माणूस आला की त्याला सगळं नीट करायची घाई होते, आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. नुसतं बघ. कुठली वायर कुठून निघते, कुठं जाते, ते कागदावर काढ. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लाव, एका टोकाला नाही. मी इथे आलो तेव्हा मोठा डिप्लोमावाला म्हणून ऐटीत एक वायर उपटली होती. जुनाट दिसत होती, कुठं जात नसावी असं वाटलं. ती एक्स-रेच्या खोलीत जात होती. आत टेबलावर मोडक्या पायाचा माणूस पडून होता आणि बाहेर मी ‘कोण ओरडतंय’ म्हणून बघत होतो. ही गोष्ट तुला मी हसत हसत सांगितली होती. त्या माणसाला तेव्हा हसू आलं नसणार.

दुसरं म्हणजे, लाइन बंद पडली की लगेच मशीन उघडून बसू नकोस. आधी साध्या गोष्टी बघ. वीज आहे का, वायर लागलेली आहे का, दिवा पेटतोय का, आज इथे कुणी काही हलवलंय का. हे मी तुझ्याकडूनच शिकलो. घाटात केबल तुटली होती तेव्हा मी दिवसभर राउटरच्या सेटिंग चाळत बसलो होतो. तू शहाद्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलास, घाटातल्या चहाच्या टपरीवर उतरलास आणि तिथे चहा पीत बसलेल्या जेसीबीवाल्याला विचारलंस की दादा, आज कुठं खणलंत? त्यानं बोट दाखवलं. अर्ध्या तासात तुटलेली जागा सापडली. मला फोन करून तू म्हणालास, ‘सर, मशीनला विचारण्याआधी माणसाला विचारावं.’ मी रागावलोच होतो तेव्हा. आता नव्या पोरांना हेच शिकवतो, आणि तुझं नाव घेत नाही.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस आठवतो. रजिस्ट्रेशनचा प्रिंटर कागद गिळत होता आणि बाजारातून मोबाइलवाल्याला बोलावून आणा असं कुणीतरी म्हणालं. तू आलास, प्रिंटर उलटा केलास, आतून लहान मुलाचा मणी काढलास आणि जाताना सर्व्हरच्या खोलीच्या दारात थांबलास. ‘हे काय आहे?’ म्हणालास. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या सगळ्या माणसांचा आजार इथे ठेवलेला असतो, असं मी सांगितलं. तू हसला नाहीस. ‘आमच्या पाड्याचा पण?’ असं विचारलंस. बारावी सायन्स झालेला, पावरी बोलणारा, मराठी जपून जपून बोलणारा मुलगा. दोन महिन्यांनी मीच, दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या हिंमतरावांच्या मागे लागून, तुला मदतनीस म्हणून घ्यायला लावलं. ती एक गोष्ट मी बरी केली असं मला अनेक वर्षं वाटत होतं.

तुझी ती निळी वही इथेच आहे, माझ्या टेबलाच्या खणात. रोज सकाळी आल्या आल्या तू कालची बॅकअपची फाइल तयार झाली का ते पाहायचास आणि तारखेपुढे बरोबरची खूण करायचास. ताप असला तरी, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशीही, आधी खूण, मग सुट्टी. नव्या जागी असंच कर, पण नुसतं फाइलचं नाव आणि तारीख पाहू नकोस. ती किती मोठी आहे तेही बघ. कालच्यापेक्षा आजची फारच लहान असली तर हातातलं सगळं काम सोडून शोधायला लाग. आणि महिन्यातून एकदा ती फाइल वेगळ्या मशीनवर उघडून, एखाद्या रुग्णाचं नाव टाकून, त्याचा कागद खरंच दिसतो का ते पाहा. जी उघडून पाहिली नाही ती फाइल म्हणजे बॅकअप नव्हे. तिच्यावर विसंबू नये. एक प्रत दुसऱ्या गावी असू दे, आणि जुन्या प्रती पुसायची घाई करू नकोस.

अजून दोन गोष्टी. यूपीएसची बॅटरी हिरवा दिवा दाखवते म्हणून चांगली समजू नकोस. वर्षातून दोनदा मेन स्विच स्वतः बंद करून किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून बघ. आणि सर्व्हरमधल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात म्हणून निर्धास्त राहू नकोस. एकीचा दिवा पिवळा झाला की त्याच दिवशी बदल. आपल्या सर्व्हरवर तो पिवळा दिवा डिसेंबरपासून लागलेला होता. तू मला दाखवला होतास. नवी डिस्क मागवतो असं मी म्हणालो होतो.

आता जे लिहायचं आहे ते तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तीन वर्षांपूर्वी जानेवारीतला तो रविवार. सकाळपासून वीज नव्हती. अकराच्या सुमारास ती एकदम आली, गेली, पुन्हा आली. बॅटरीनं एक मिनिटही तग धरला नाही. सर्व्हर उठलाच नाही. पिवळ्या दिव्याची डिस्क आधीच मेलेली, दुसरी त्या झटक्यात गेली. तू घरी पाड्यावर होतास. मी एकटा होतो, आणि खरं सांगतो, घाबरलो नव्हतो. बॅकअप आहे, नव्या मशीनवर चढवू, दोन-तीन तासांचं काम, असा माझा हिशेब होता.

बाराला तुझा चुलतभाऊ वाहरू ममताला घेऊन आला. तुझ्या बहिणीला मी आधी दोनदाच पाहिलं होतं, एकदा तुझ्यासाठी भाकरी घेऊन आली होती तेव्हा आणि एकदा आदल्या वर्षी रक्त चढवायला आली होती तेव्हा. ऊसतोडीच्या पडावावर, तिकडे गुजरातमध्ये, तिला सिकलसेलचा झटका आला होता. हात-पाय इतके दुखत होते की जीपमधून उतरवताना ती वाहरूचा खांदा चावून धरत होती. रक्त तीनवर आलेलं. डॉक्टर कामिनी मॅडमनी तपासलं तेव्हा ती एवढंच बोलली, ‘मागच्या वेळी रक्त नाशिकहून आणलं होतं. दुसरं मला चालत नाही म्हणाले.’ मॅडम तशाच माझ्याकडे धावत आल्या. ‘धीरज, ही काय म्हणते ते रेकॉर्डला बघ. मागच्या वर्षी मी इथे नव्हते. कुठलं रक्त चालत नाही, का चालत नाही, मला नेमकं पाहिजे.’ वाहरूला विचारलं तर तो म्हणाला, ‘साहेब, कागद तिकडे पडावावरच राहिले. झोपडीत, पत्र्याच्या पेटीत. तुमच्या मशीनमध्ये आहे ना सगळं?’ मी हो म्हणालो. कागद ठेवणं आपण त्याच्या दोन वर्षं आधीच बंद केलं होतं, तोही निर्णय माझाच होता. मी त्याला म्हणालो, ‘बस तू. काढून देतो.’

मग मी बॅकअपच्या फायली उघडायला घेतल्या. आदल्या दिवसाची उघडली, रिकामी. त्याच्या आधीची, रिकामी. अशा दहाच्या दहा. दहा दिवसांहून जुन्या फायली आपोआप पुसल्या जात होत्या, तेव्हा त्यामागे काहीच नव्हतं. प्रत्येकीला नाव होतं, तारीख होती, आत काही नव्हतं. मी पुन्हा पुन्हा त्याच दहा फायली उघडत राहिलो, जणू अकराव्यांदा काही निघणार होतं. वाहरू दारात उभा होता. मध्येच त्यानं विचारलं, ‘साहेब, सापडलं?’ मी पुन्हा पहिली फाइल उघडली.

मॅडमनी नाशिकच्या रक्तपेढीला फोन लावले. रविवार होता. तिथल्या माणसानं नाव लिहून घेतलं, मागच्या वर्षीचं रजिस्टर बघावं लागेल, उद्या-परवा सांगतो म्हणाला. मॅडम चार वाजेपर्यंत थांबल्या. मग ममताची धाप वाढली. इथल्या रक्ताशी तपासणी केली तर रक्त जुळत होतं. मॅडमनी मला पुढे समजावून सांगितलं की असंच होतं. मागे एकदा न सोसलेल्या रक्ताची आठवण शरीरात दडून बसते, वर्षभरानं तपासणीत दिसतही नाही, आणि तेच रक्त पुन्हा गेलं की जागी होते. ते फक्त जुन्या कागदावरूनच कळतं. दोन पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, तू आलास तेव्हा तुझ्याशी हसली. तू मला येऊन म्हणालास, ‘सर, वाचली.’ कुठलं रक्त द्यायचं नाही ते सांगणारा नाशिकचा फोन बुधवारी आला. शुक्रवारी तिची लघवी काळी झाली, डोळे पिवळे झाले. अँब्युलन्समध्ये तू तिचं डोकं मांडीवर घेऊन घाट उतरलास. पुढचं तू पाहिलंस, मी पाहिलं नाही. रविवारी नंदुरबारच्या दवाखान्यात ती गेली. बावीस वर्षांची.

त्यानंतरची मीटिंग तुला आठवते तशी मलाही आठवते. तू उठून उभा राहिलास. कुणी विचारायच्या आधी वही टेबलावर ठेवलीस. ‘रोज मी खूण केली. फाइल आहे एवढंच पाहिलं. आत काय आहे ते पाहिलं नाही. चूक माझी आहे.’ कामिनी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तू पुढे विचारलंस, ‘पण सर, फाइल रिकामी का व्हायला लागली?’ आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, डिस्क जुनी होती, खराब झाली असेल. तू मान हलवलीस. तुझ्या दृष्टीनं मी खोटं बोलणारा माणूस नव्हतो. बाहेर आल्यावर हिंमतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते आमच्याच तापीकाठचे, मला इथं आणणारे. ‘पोऱ्यानी सोताच कबूल करं, मिटनं. आते तू काही बोलू नको,’ म्हणाले. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी तू चाव्या आणून दिल्यास. माझ्या पाया पडलास. मी तुला उठवलं, ‘सांभाळ स्वतःला’ म्हणालो आणि दार लावून घेतलं.

आता शेवटची टिप, हेमराज. सर्व्हरवर काहीही बदललंस तर ते लिहून ठेव आणि दुसऱ्या माणसाला सांग. पासवर्ड बदललास तर तो कुठं कुठं वापरला जातो ते आधी शोध. त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये बाहेरून तपासणीला आलेल्या माणसानं डेटाबेसचा पासवर्ड जुना आहे असा शेरा मारला. त्याच दुपारी मी तो बदलला. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो जुनाच राहिला. त्या दिवसापासून तो प्रोग्रॅम रोज दार ठोठावायचा, त्याला आत घेतलं जायचं नाही, आणि तो आजच्या तारखेची रिकामी फाइल ठेवून निघून जायचा. मी तुला सांगितलं नव्हतं. मी वहीत लिहिलं नव्हतं. ‘प्रवेश नाकारला’ असा मेल रोज येत होता, फक्त माझ्याकडे. रोजचे साठ-साठ मेल नकोसे होतात म्हणून मी ते एका कोपऱ्यात आपोआप जातील असं करून ठेवलं होतं. तरी नोव्हेंबरात एक उघडून वाचला. समजलाही. सोमवारी बघू असं म्हटलं. सोमवारी काय झालं ते मला आठवत नाही, आणि याचीच मला जास्त लाज वाटते, कारण काही मोठं कारण असतं तर आठवलं असतं. दिवाळीच्या आधी तू म्हणाला होतास, ‘सर, एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघूया का?’ मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. मीटिंगच्या सकाळी मी ‘प्रवेश नाकारला’चे ते सगळे मेल पुसून टाकले. एकूण एक्याऐंशी होते. तुझ्या वहीतल्या खुणा मात्र राहिल्या, कारण त्या पेननं केलेल्या होत्या.

मला धाक कुणाचा होता म्हणशील तर कुणाचाच नव्हता. हिंमतरावांनी मला काढलं नसतं. पोलीस आले नसते. मी फक्त त्या खोलीत उभा राहून बोलू शकलो नाही, आणि एकदा न बोललेलं दुसऱ्या दिवशी जास्त जड झालं, महिन्याभरानं त्याहून. विसरवाडीवरून एसटी जाते तेव्हा तुझ्या दुकानाच्या बाजूला मी बसत नाही. कामिनी मॅडमना मी काल सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘माहीत असतं तर ते रक्त मी दिलं नसतं.’ एवढंच. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हिंमतरावांनाही सांगितलं. ‘जे व्हई गयं ते व्हई गयं, आते कसाले उकरी ऱ्हायना?’ म्हणून त्यांनी माझा लेखी कबुलीजबाब परत माझ्याच हातात दिला. मी तो आवक-जावक टेबलावर देऊन शिक्का मारून घेतला. त्याची प्रत या पत्रासोबत आहे. नाशिकला तुला आधीच्या कामाबद्दल विचारलं तर ती दाखव. उपयोग होईल की नाही मला माहीत नाही. मी करू शकतो असं इतकंच उरलंय आणि ते फार थोडं आहे. ममता त्यानं परत येत नाही, तुझी तीन वर्षंही नाहीत.

तीन वर्षं गप्प राहिलेला माणूस आज का लिहितो, असं तू विचारशील. तुझ्या मेसेजमुळे नाही, तो मी कदाचित चार गोड टिपा लिहून निभावून नेला असता. गेल्या सोमवारी तुझी आई आली होती. रेवाबाई जीपनं एवढ्या उन्हाच्या आल्या, पिशवीत यंदाचं आमचूर घेऊन, माझ्यासाठी. व्हरांड्यात खाली बसल्या, कितीही म्हटलं तरी खुर्चीवर बसेनात. मोडक्या मराठीत सांगत होत्या की तू अजून पोटभर जेवत नाहीस, घरी आलास की ममताच्या खाटेकडे बघत नाहीस, लग्नाचं काढलं की उठून जातोस, ‘मी बहिणीला मारलं’ म्हणतोस. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ‘तुम्ही मोठे साहेब. तुम्हीच त्याला शिकवलं. मी सांगते तर ऐकत नाही, आई आहे म्हणून बोलते म्हणतो. तुम्ही सांगा ना त्याला, त्याची चूक नव्हती. तुमचं ऐकेल.’ सांगतो म्हणालो. त्या आमचूर ठेवून गेल्या. म्हणून हे पत्र. हेमराज, तुझी चूक नव्हती. हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाही, मला माहीत आहे म्हणून सांगतो. तू नाशिकला जा. तुझ्याच्यानं होईल. आईंना मात्र मी त्या दिवशी खरं सांगू शकलो नाही, माझे हात त्यांच्या हातात होते. त्यांना मी येऊन सांगू, की तू सांगशील, की माझं तोंडही त्यांना दिसू नये, हे मला ठरवता येत नाही. ते तू ठरव. तू म्हणशील त्या दिवशी मी पाड्यावर येईन.

तुझा म्हणू देशील तर तुझाच,
धीरज